तासभर कार्डिओ किकबॉक्सिंगचा क्लास करता, मग फाईटच्या दुसऱ्या राउंडमध्ये हात खाली काऊन येतात?

मागच्या हिवाळ्यात आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या ग्राउंडवर भरतीची तयारी करणारा एक पोट्टा आला. पहाटे पाचला उठून डांबरी रोडनं पळणारा, सोळाशे मीटर साडेपाच मिनिटात काढणारा, अंगावर चरबी नावाला नाही. म्हणे दादा, मले किकबॉक्सिंग शिकव. म्हटलं ये, घाल ग्लोव्ह्ज. पॅड धरले अन् सांगितलं की दोनच मिनिटं मारायचं पण जीव लावून. पहिले वीस सेकंद काय हाणलं बाप्पा, माझी मनगटं झणझणली. चाळिसाव्या सेकंदाला त्याचे हात छातीपाशी आले, मिनिटाला कमरेपाशी, अन् दीड मिनिटाला खालीच बसला. "दादा, मी तं रोज सोळाशे मारतो ना, मंग असं कसं झालं?"

हाच प्रश्न मला पडला होता तेव्हा मी अमरावतीला कॉलेजात होतो अन् एका ठिकाणी कार्डिओ किकबॉक्सिंगचा क्लास लावला होता. भिंतभर आरसा, मोठे स्पीकर, गाण्याच्या ठेक्यावर जॅब-क्रॉस-किक (दोन सरळ ठोसे अन् लाथ), तासभर थांबणं म्हणून नाही. टीशर्ट पिळला तर बादलीत पाणी दिसायचं. तीन महिन्यांनी वाटलं आपण तयार झालो, जिल्ह्याच्या एका स्पर्धेत नाव दिलं. समोर गॅरेजवर काम करणारा एक जाडसर पोरगा, मी मनात म्हटलं हा काय टिकते. पहिला राउंड मी वाघ होतो. दुसऱ्या राउंडला तीस सेकंदात माझे हात असे जड झाले की दोन्हीकडं पाण्याच्या घागरी लटकवल्यात. तो गडी मात्र पाच सेकंद तुटून पडायचा, मग मागे सरकून श्वास घ्यायचा, पुन्हा तुटून पडायचा. हरलो. क्लासवाल्या सरांना सांगितलं तर म्हणे स्टॅमिना कमी आहे, आठवड्यातून पाच दिवस येत जा, अन् मी येडा दोन महिने अजून पाच दिवस जात राहिलो, फी भरून.

तर मुद्दा असा की दम एक प्रकारचा नसतो. कार्डिओ क्लास एक दम वाढवतो, फाईटला दुसराही लागतो, अन् तो दुसरा दम न थांबता घाम काढून येत नाही, तो येतो थांबून-थांबून केल्यानं. हे कसं करायचं तेच इथं लिहितोय, अन् जिम नसलेल्या गावात कसं करायचं ते.

आधी चुलीकडं पाहा

आमच्याकडं चूल पेटवायला तीन गोष्टी लागतात. आगपेटीची काडी, मग पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं), मग गोवरी नाहीतर बाभळीचं लाकूड. शरीराचं इंधनही तसंच तीन जागचं. काडी म्हणजे स्नायूत आधीच तयार असलेला साठा, एटीपी अन् क्रिएटिन फॉस्फेट, भसकन पेटतो अन् साधारण दहा सेकंदात संपत येतो. पऱ्हाटी म्हणजे साखर ऑक्सिजनशिवाय जाळणं, जाळ मोठा पण मिनिट-दीड मिनिटात ओसरतो अन् धूर लय करतो. हा धूर म्हणजे मांडीत, खांद्यात जी आग होते ती. गोवरी म्हणजे एरोबिक, ऑक्सिजन घेऊन हळूहळू जळणं, जाळ छोटा पण तासन् तास पुरतो.

धुराबद्दल एक गैरसमज काढून टाका. लॅक्टिक अ‍ॅसिड म्हणजे विष, त्यानं दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, असं सगळेच म्हणतात. तसं नाही. लॅक्टेट तासाभरात रक्तातून निघून जातं अन् शरीर त्यालाच परत इंधन म्हणून वापरतं. मारताना होणारी आग ही स्नायूत आम्लपणा वाढल्यानं, अन् दुसऱ्या दिवशीचं दुखणं हे स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा झाल्यानं. दोन वेगळ्या गोष्टी.

कार्डिओ क्लासमध्ये जवळपास सगळं काम गोवरीचं. गाण्याचा ठेका ठरलेला, त्यामुळं तुमचा वेगही ठरलेला, अन् हवेत मारायचं म्हणून ताकद कमी लागते. हे मूळचं मारामारीसाठी निघालेलंच नव्हतं ना. अमेरिकेत बिली ब्लँक्स नावाच्या कराटेवाल्यानं ताए-बो काढलं, तायक्वांदो अन् बॉक्सिंगच्या हालचाली गाण्यावर बसवल्या, १९९० च्या दशकात त्याच्या व्हिडिओ कॅसेट धडाधड खपल्या अन् तिथून हे सगळीकडं पसरलं. वजन, शुगर, मूड, यासाठी ते झकास आहे. आमच्या तालुक्याला मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये एक ताई असा क्लास घेते, तिथं पन्नाशीच्या काकू येतात अन् त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत, मी त्याला नावं ठेवणार नाही.

फाईटचं वेळापत्रक मात्र बघा. हौशी किकबॉक्सिंगला अन् तायक्वांदोला दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये एक मिनिट आराम. हौशी बॉक्सिंगला तीन मिनिटांचे तीन. व्यावसायिक मुआय थायला तीन मिनिटांचे पाच, मध्ये दोन मिनिटं. ज्युदोची कुस्ती चार मिनिटांची. अन् आपली कबड्डीची चढाई तीस सेकंदांची. यातल्या कशातही माणूस एकसारख्या वेगानं चालत नाही, भसकन जाळ, मग थोडं फिरणं, परत जाळ.

आता यातली गंमत ऐका, नाहीतर काही लोक लगेच क्लास सोडून देतील. पूर्ण फाईटचा हिशोब केला तर निम्म्याहून जास्त इंधन गोवरीचंच असतं. कारण दोन स्फोटांच्या मधे ती संपलेली काडी परत भरायचं काम एरोबिक यंत्रणाच करते. अर्धी काडी तीस सेकंदांच्या आसपास भरते, पूर्ण भरायला तीन मिनिटं तरी जातात. ज्याचा हा एरोबिक पाया चांगला त्याची लवकर भरते. म्हणून भरतीच्या त्या पोट्ट्याचं पळणं वाया गेलं नव्हतं, त्याच्याजवळ गोवऱ्यांचा ढीग होता, पऱ्हाटी पेटवायची सवय नव्हती.

पहिले पाया, चार ते सहा आठवडे

ज्यानं आतापर्यंत काहीच केलं नाही त्यानं इथूनच सुरू करायचं. आठवड्यातून तीन दिवस, तीस-चाळीस मिनिटं, क्लास असेल तर क्लास, नाहीतर दोरीच्या उड्या अन् पळणं. वेग किती, तर सोबतच्याशी तुटक-तुटक का होईना बोलता आलं पाहिजे. घड्याळ-बिड्याळ लागत नाही. भरतीवाले अन् रोज शेतात राबणारे यांनी हे दोन आठवड्यात उरकलं तरी चालते.

दोरी विकत नाही आणली तरी हरकत नाही, पण बैलाचा कासरा घेऊन उड्या मारू नका, मी मारल्यात, तो ओला झाला की पोटरीवर असा बसतो की वळ उठतो.

बॅग कशी करायची

यावर जरा जास्त लिहितो कारण इथंच सगळे हात मोडून घेतात. युरियाची रिकामी चुंगडी घ्या, आता ४५ किलोची येते ती. दोन घ्या, एकात एक घालायला. आधी उलटी करून दोन पाण्यानं धुवा अन् उन्हात वाळवा, नाहीतर उरलेली भुकटी घामात मिसळून कातडी चरचरते. आत भरायच्या जुन्या चिंध्या, साड्या, गोधडीचे तुकडे, बारीक फाडून, हातानं दाबत-दाबत. रेती भरू नका. सगळे रेती भरतात कारण फुकट मिळते, पण आठ दिवसात ती खाली बसते अन् बॅगेचा खालचा भाग दगड होतो, मग लो किक मारली की नडगी गेली. वजन तुमच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असलं की बस. मी एकदा कापूस भरला होता, पडलेला भाव पाहून रागात, तर आईनं आठ दिवस बोलणं सोडलं.

लटकवायची लिंबाच्या जाड फांदीला. फांदीवर जिथं दोर घासतो तिथं टायरच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, दोरही टिकतो अन् झाडाची सालही. हाताला पट्टी बांधल्याशिवाय एक ठोसा मारायचा नाही. जुन्या सुती धोतराच्या दोन इंच रुंद, साडेचार मीटर लांब पट्ट्या फाडा. अंगठ्यात अडकवून मनगटाला तीन वेढे, मग मुठीच्या हाडांवरून तीन वेढे, मग बोटांच्या फटीतून, उरलेली परत मनगटावर. मूठ आवळली की घट्ट वाटली पाहिजे, उघडली की बोटं निळी पडली नाही पाहिजे.

आता खरं काम

तीन प्रकारचं काम आहे अन् ते याच क्रमानं घ्यायचं.

पहिलं काडीचं. आठ सेकंद बॅगवर जितकं जोरात अन् जितकं फास्ट होईल तितकं, मग एक मिनिट चालायचं. पूर्ण एक मिनिट. असे सहा. मग तीन मिनिटं आराम, परत सहा. बॅगचा कंटाळा आला तर कॅनॉलच्या पाळीवर चढाची स्प्रिंट, वर जाताना जीव तोडून, उतरताना चालत. हे करताना पोट्टे म्हणतात "दादा, काही वाटूनच नाई रायलं, आराम कमी कर". करू नका. आराम कमी केला की तिसऱ्या फेरीपासून काडी भरतच नाही अन् तुम्ही परत कार्डिओ क्लास करायला लागता, फक्त गाणं नसते. दोन-तीन आठवडे एवढंच.

दुसरं पऱ्हाटीचं, हे त्रासदायक. तीस सेकंद जोरात, दोन मिनिटं आराम. पहिल्या आठवड्यात चारच. पुढं सहा. हळूहळू आराम दीड मिनिटावर आणा, त्याच्या खाली नको. तीस सेकंदांचे दोन तुकडे मनात करा: पहिले पंधरा सेकंद सरळ ठोसे, पुढचे पंधरा सेकंद दोन ठोसे एक किक. पंधरा ते बावीस सेकंदांच्या मधे डोकं सांगते की थोडं हळू कर, कोणाला दिसणार आहे. तिथं कोणीतरी बाजूला उभं राहून सेकंद मोजणारा पाहिजे. फोनवर इंटरव्हल टायमरचं फुकट अ‍ॅप मिळते, पण फोनची लाज वाटत नाही, मित्राची वाटते. झाल्यावर तुम्हाला कोणी नाव विचारलं तर आडनावापर्यंत पोचता आलं नाही पाहिजे. आलं तर ते जोरात नव्हतं.

आरामात काय करायचं, तर हळू चाला. आडवं पडू नका. गुडघ्यावर हात टेकून वाकलं तर जुने सर ओरडतात पण त्यानं श्वास बरा घेता येतो, खुशाल वाका.

तिसरं राउंडचं, हे स्पर्धेच्या महिनाभर आधी. दोन मिनिटांचा राउंड, त्यात दर तीस सेकंदांनी दहा सेकंद तुटून पडायचं, बाकी वीस सेकंद पाय हलवत, गार्ड (तोंडापुढचे हात) वर ठेवून, हलके जॅब. एक मिनिट आराम. तीन राउंड. जो खेळ खेळता त्याची वेळ घ्या, बॉक्सिंगवाल्यांनी तीन मिनिटं.

तबाताचं विचारतील म्हणून सांगून टाकतो. इझुमी तबाता हे जपानी संशोधक, १९९६ साली त्यांचा अभ्यास छापून आला. २० सेकंद काम, १० सेकंद आराम, सात-आठ फेऱ्या, व्यायामाच्या सायकलवर, आठवड्यातून चार दिवस अन् पाचव्या दिवशी कमी फेऱ्या, सहा आठवडे, अन् त्यात एरोबिक अन् अ‍ॅनारोबिक (ऑक्सिजनशिवायचा, म्हणजे काडी-पऱ्हाटीचा) दोन्ही दम वाढले. पण ते खेळाडू होते अन् जोर इतका ठेवला होता की आठवी फेरी करणं मुश्कील झालं पाहिजे. सगळं मिळून चार मिनिटं. आता यूट्यूबवर तबाता म्हणून अर्धा-अर्धा तास उड्या मारायला लावतात. जे अर्धा तास होऊ शकते ते तबाता नाही भाऊ. नव्या माणसानं त्याच्या नादी लागूच नये.

वही ठेवा

दर तीस सेकंदात किती ठोसे पडले ते मोजणाऱ्यानं लिहायचं. त्या भरतीच्या पोट्ट्याच्या पहिल्या दिवसाचं पान माझ्याजवळ आहे: ६२, ५८, ५१, ४३. चौथ्यानंतर मी थांबवलं. नियम असा धरा की पहिल्या आकड्याच्या पाऊणपटीच्या खाली गेलं की त्या दिवसाचं दुकान बंद. ६२ चं पाऊण म्हणजे साडेशेहेचाळीस, ४३ त्याच्या खाली. तो म्हणे "अजून दोन मारतो ना". मारले असते, पण हात खाली ठेवून, वाकडं मनगट करून, अन् शरीर तेच शिकलं असतं. पाच आठवड्यांनी त्याचं पान होतं ६४, ६३, ६०, ५८, ५६, ५३. पहिला आकडा फार वाढला नाही, शेवटचा वाढला, अन् आपल्याला तेच पाहिजे.

नाडीही बघता येते. सेट संपल्याबरोबर पंधरा सेकंद मोजून चारनं गुणा, एक मिनिटानं परत. दोन्हीतला फरक आठवड्या-आठवड्यानं वाढत गेला तर पाया चांगला होतोय.

आठवडा असा लावा: सोमवारी जोराचं काम, गुरुवारी जोराचं काम, बस, दोनच. मधले दिवस टेक्निक, हलकं पळणं नाहीतर तो गाण्यावाला क्लास. शनिवारी स्पॅरिंग (जोडीदारासोबत सरावाची फाईट) असेल तर तेही जोराचंच धरा अन् गुरुवारचं अर्धं करा. बाजाराच्या दिवशी सुट्टी. अन् शेतातलं काम हिशोबात धरत चला. दिवसभर सोयाबीन सोंगलं, पोती ट्रॅक्टरवर चढवली, त्या संध्याकाळी तीस सेकंदवालं काम करायला येऊ नका, तुमचं झालंय. फवारणीच्या दिवशी तर अजिबात नाही. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली हे आपण विसरलो नाही ना, अंगावर औषध उडालेलं असताना घाम काढणं, जोरजोरात श्वास घेणं कायले पाहिजे. घरी जा, साबणानं आंघोळ करा, झोपा.

तसं पाहिलं तर हे सगळं आपल्याला नवीन नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, तिथली टीम १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आली. जुन्या आखाड्यात जोर-बैठका मारून मग मातीत लोळत दम घ्यायचे, तो इंटरव्हलच होता, नाव नव्हतं.

ऊन, पोट अन् सिकल सेल

एप्रिल ते जून अकोला-चंद्रपूरकडं पारा ४५ च्या वर जातो तेव्हा जोराचं काम सकाळी सहाच्या आत संपवा, नाहीतर बंद ठेवा. नवतपात तर टेक्निकच करा सावलीत. वजन उतरवायला प्लास्टिकचा रेनकोट घालून पळणारे मी पाहिलेत, त्यातला एक चक्कर येऊन बांधावर पडला होता. उतरलेलं ते पाणी असतं, संध्याकाळी परत येते. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, सपाट, हे घरचं ओआरएस बाटलीत ठेवा.

पऱ्हाटी म्हणजे साखर हे लक्षात असू द्या. चतुर्थीचा कडक उपवास धरून इंटरव्हल करायला आलेला माणूस तिसऱ्या फेरीला पांढरा पडतो. दोन तास आधी अर्धी भाकर-वरण नाहीतर दोन केळी, नंतर फुटाणे-गूळ, शेंगदाणे, अंडी चालत असतील तर अंडी. डब्यातली पावडर नसली तरी काही अडत नाही.

अन् हे नीट वाचा. आपल्या विदर्भात सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बराच आहे. ज्याला हा आजार आहे त्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय हे काहीच करायचं नाही. पण जो नुसता वाहक आहे, रिपोर्टवर एएस लिहून येतं, त्याला रोजच्या जगण्यात काहीच जाणवत नाही, त्याला स्वतःला माहीतही नसतं. तो खेळू शकतो, खेळावंच, पण उन्हात, पाणी न पिता, आराम न घेता एकदम जीव तोडून मेहनत केली तर वाहक खेळाडू कोसळू शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून सरकारी दवाखान्यात एकदा रक्त तपासून घ्या. वाहक असाल तर पहिल्या दिवशीच पूर्ण जोर नाही, आठवड्या-आठवड्यानं वाढवायचं, आराम पूर्ण घ्यायचा. पाय एकदम पिठासारखे मऊ पडले, अंगातला जोर गेला, तर ते आळशीपणा समजून कोणी ओरडू नका, तिथंच थांबवा, सावलीत घ्या अन् दवाखान्यात न्या.

बाकी कोणालाही छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबायचं, अन् लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. बीपी, शुगर, हार्टचा त्रास असलेल्यांनी आधी विचारून या. चाळिशीनंतर कितीतरी वर्षांनी सुरू करणाऱ्यांनीही. त्यांच्यासाठी तो गाण्यावाला क्लासच बरा, मी मनापासून सांगतोय.

स्पर्धेच्या आठवड्यात तीस सेकंदवालं बंद. पाच-सहा दिवस आधीपासून फक्त आठ सेकंदांचे चार-पाच, पूर्ण आराम देऊन, थोडं शॅडो (हवेत ठोसे मारणं) अन् झोप. शेवटच्या दोन दिवसात दम वाढत नाही, फक्त थकवा वाढतो. अन् आदल्या दिवशी बॅग झाडावरून उतरवून घरात नेऊन ठेवा, कुठं लटकलेली दिसली की पोट्टे रात्री जेवण झाल्यावरही मारायला जातात.